साडू, खुरपं आणि मोराचा अडकित्ता

खुरप्याला नंबर असतो, ही गोष्ट सबंध नगर जिल्ह्यात एकट्या मला ठाऊक आहे, अशा समजुतीत मी काही काळ फार सुखात काढला. ते सुख माझ्या साडूने संपवलं. साडूला कारखान्यात चिकटवला मीच, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण जागा नाही म्हणून माणसाने तक्रार करू नये, असं थोडंच आहे?

आमचा कारखाना शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत. पत्र्याची लांब शेड, एका टोकाला भट्टी आणि घण, दुसऱ्या टोकाला प्लायवूड ठोकून केलेलं ऑफिस. पाने, पकडी, हातोड्या असा माल निघायचा, शिवाय शेतीसाठी खुरपी, कुदळी, दाताळी. शेठना मध्येच माल परदेशी पाठवायची हौस आली आणि त्या हौसेचे कागद करायला त्यांनी मला बसवलं. त्याआधी मी हजेरी लिहीत होतो.

परदेशी माल उतरला की तिथला जकात अधिकारी पहिल्यांदा विचारतो, ही वस्तू कोण? 'खुरपं' म्हणून त्याचं समाधान होत नाही. जगातल्या झाडून सगळ्या वस्तू, जिवंत घोड्यापासून मनगटी घड्याळापर्यंत, प्रकरणवार मांडलेलं एक जाडजूड पुस्तक ब्रुसेल्सला तयार झालं होतं आणि बरेच देश त्याबरहुकूम जकात लावत. हाताने चालवायची अवजारं ब्याऐंशीव्या प्रकरणात. तिथेही पंगती वेगळ्या. शेती-बागेची अवजारं पहिल्या पंगतीला, करवती दुसऱ्या, पाने-पकडी तिसऱ्या. ज्या पंगतीला बसवाल तशी जकात. चुकीच्या पंगतीला बसवलंत तर भुर्दंड गिऱ्हाइकाला, आणि असं गिऱ्हाईक पुन्हा आपलं दार बघत नाही.

हे पुस्तक मुंबईच्या एजंटाने आम्हाला वापरायला दिलं होतं. मी त्याला खाकी कव्हर घातलं आणि कुलपात ठेवलं. कुलपाची गरज नव्हती, पण कुलूप उघडताना लोक बघायचे. भट्टीवरची माणसं मुद्दाम येऊन विचारायची, "साहेब, चिमट्याला नंबर हाय का?" मी डोळे मिटायचो आणि नंबर सांगायचो. त्यातले निम्मे चुकीचे असणार. पण तपासणार कोण? चिमटा?

असं सगळं झकास चाललं असताना माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची पुण्यातली नोकरी सुटली. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या शब्दाला कंपनीत वजन आहे म्हणता ना? मग टाका की शब्द." आता वजन आहे असं मी म्हणत होतो हे खरं. ते आहे की नाही हे मलाही बघायचंच होतं. शब्द टाकला. वजन निघालं. साडू माल रवानगीच्या टेबलावर येऊन बसला.

माणूस वाईट असता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. हा नीटनेटका, हळू बोलणारा. याचं फाउंटन पेन कधी गळायचं नाही. डब्यात दोन चपात्या जास्त आणायचा आणि त्या मला द्यायचा. मला 'दादा' म्हणायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाला, "दादा, ते पुस्तक डबा खाताना चाळू का?" पाहुण्याच्या पोराला रेडिओचं बटण फिरवू द्यावं, तेवढ्या मोठ्या मनाने मी त्याला पुस्तक दिलं.

मी त्या पुस्तकातले फक्त नंबर वाचले होते. प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी बारीक अक्षरात ज्या टिपा असतात त्या मी प्रस्तावना समजून सोडून दिल्या होत्या. प्रस्तावना कोण वाचतं? साडूने त्या वाचल्या. नुसत्या वाचल्या नाहीत, त्याला त्या आवडल्या. घास हातात धरून तो वाचत बसायचा आणि मधेच हसायचा. जकातीचं पुस्तक वाचून हसणाऱ्या माणसाची मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्या वैशाखात अधिक महिना आला. मोठा दुष्काळ अजून पडायचा होता, पण ऊन त्याच्या तयारीला लागलं होतं. सासरे काष्टीचे, चांगले उसाचे बागायतदार. दोन्ही जावयांना धोंडा खायला बोलावणं आलं, म्हणून आम्ही दौंडकडे जाणाऱ्या पॅसेंजरने जोडीजोडीने निघालो. आजवर काष्टीच्या ओसरीवर परदेशी व्यापारावर बोलण्याचा मान माझा होता. सासऱ्यांचा कोयता, दोरखंड, पाण्याचं इंजिन, समोर दिसेल त्याला मी नंबर देत बसायचो आणि सासरे मान डोलवायचे.

जेवणं झाली. सासरे अडकित्त्याने सुपारी कातरत होते. आतून सासूबाई विळी धुऊन ओसरीवर उन्हात ठेवून गेल्या. सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"थोरलं पाव्हणं, ह्या इळीला काय नंबर हाय म्हनं?"

"ब्याऐंशी, मामा," मी म्हणालो. "सुऱ्या-चाकूंच्या पंगतीला."

साडूने घसा साफ केला. "दादा म्हणतात ते बरोबरच आहे. फक्त एक अडचण येईल. विळी हातात धरत नाहीत. पाटावर पाय दाबून बसायचं, पातं जागेवरच, भाजी पुढं सरकवायची. मग तिला चाकू म्हणायचं का, असं तो अधिकारी विचारेल. टिपा बघाव्या लागतील."

सासऱ्यांचा अडकित्ता थांबला. "आयला, हे बी खरं हाय. हातात न्हाई तर हाताचं अवजार कसं म्हनायचं?"

"घरातल्या वापराची वस्तू म्हणूनही धरतील कदाचित," साडू म्हणाला.

"मग पाट हाय म्हंजी फर्निचर व्हय?"

"तसंही कुणी म्हणू शकेल, मामा."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "इळी माझी हाय. तिला कुठल्या बी पंगतीला बसवू नगा. सांजच्याला वांगी चिरायचीत."

सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसता बसलो असतो तर कळलं असतं. पण हसता हसता सासऱ्यांनी मांडी बदलली आणि त्यांचे गुडघे माझ्याकडचे साडूकडे वळले. आज इतक्या वर्षांनी मला ते गुडघे दिसतात. संध्याकाळपर्यंत ते परत वळले नाहीत. रागाच्या भरात मी जेवणावर वरून दोन धोंडे जास्त खाल्ले आणि ते मला नगरपर्यंत पुरले.

गाडीत बायको म्हणाली, "तोंड का पाडलंय?"

"ऊन लागलं."

"ऊन तुमच्या साडूंनाही होतं."

याच सुमारास हॅम्बुर्गच्या एका गिऱ्हाइकाने बागेची अवजारं मागवली. तिथल्या बायका म्हणे घरामागे फुलझाडं लावतात आणि स्वतःच्या हाताने माती उकरतात. साडूने शेठना सुचवलं की सुटा माल देण्यापेक्षा एका डब्यात चार नग द्यावेत: खुरपं, छोटी कुदळ, हातदाताळं आणि रोप लावायची थापी. मुठी लाकडी, पॉलिश केलेल्या, डब्यात लाकडाचा भुसा. चारही बागेची, म्हणजे चारही पहिल्या पंगतीला, कमी जकातीत. नमुन्याचा डबा शेठनी दोन्ही हातांत धरला, देवाचा प्रसाद धरावा तसा, आणि आम्हा दोघांसमोर म्हणाले, "ही ऑर्डर सुखरूप पोचली की निर्यातीचं खातं वेगळं काढायचं. काचेची केबिन करायची. आत फोन. बसणार कोण, ते ऑर्डरच सांगेल."

त्या क्षणापासून मला खुरपं दिसेना की कुदळ दिसेना, नुसती काच दिसू लागली. सुताराने ऑफिसच्या कोपऱ्यात चौकट उभी केली. अजून काच बसली नव्हती, तरी मी येता-जाता त्या चौकटीच्या दारातूनच जायचो. एकदा आत स्टूल टाकून बसूनही बघितलं. खिडकीतून गेट दिसत होतं. येणारा प्रत्येक जण आधी मला दिसला असता.

पण डबा साडूचा होता. चारही नग त्याचे. ऑर्डर सुखरूप पोचली तर ती त्याच्या नावाने पोचणार. मला त्या डब्यात माझं काहीतरी हवं होतं. काय हवं होतं ते मलाही माहीत नव्हतं, आणि मग एका दुपारी कापडबाजाराच्या मागे भांड्यांच्या दुकानात मला ते टांगलेलं दिसलं. पितळी अडकित्ता. मुठी म्हणजे मोराचे पाय, वर मान, डोक्यावर तुरा, आणि मधे सुपारी कातरायचं पोलादी पातं. बंद केला की मोर मान खाली घालतो, उघडला की वर बघतो.

मी शेठकडे गेलो. म्हणालो, "शेठ, माल काय, सगळेच देतात. आपण पाहुणचार द्यायचा. डबा उघडला की वर आपला मोर. बाई खूश झाली पाहिजे." शेठना मोर फार आवडला. त्यांनी तो पाच-सहा वेळा उघडझाप केला. "प्रत्येक डब्यात टाका," म्हणाले.

साडू माझ्या टेबलापाशी आला. "दादा, एक सांगू? डब्यात चारही बागेचीच अवजारं आहेत म्हणून ती एका पंगतीला बसतात. पाचवी वस्तू वेगळ्या जातीची घातली तर डब्याचा जीव कशात आहे, म्हणजे मुख्य वस्तू कोणती, हा प्रश्न निघेल. त्यावर नियम आहे."

"मोराला कोण अडवतो?" मी म्हणालो.

तो मान हलवून आपल्या टेबलाकडे गेला. त्याच्या त्या मान हलवण्यात मला मत्सर दिसला. मला तेव्हा जिकडेतिकडे मत्सर दिसत होता, एक आरसा सोडून. त्या आठवड्यात त्याने आणलेल्या जादा चपात्याही मी खाल्ल्या नाहीत. म्हटलं, आता याला माझ्या मोराचं पोटात दुखतंय तर चपात्या कशाला?

माल मुंबईहून बोटीने निघाला. सुएझचा कालवा त्या दिवसांत बंद होता, त्यामुळे माझे मोर सबंध आफ्रिकेला वळसा घालून गेले. तेवढ्या काळात केबिनला काच बसली, दाराला कडी बसली. मी कडीला तेल दिलं.

मग हॅम्बुर्गहून तार आली. मथितार्थ असा: डबे बंदरावर अडकले आहेत, पक्षी म्हणजे काय ते ताबडतोब कळवा.

शेठ बाहेरगावी होते. साडू रवानगीच्या कामात होता आणि त्याला विचारण्यापेक्षा मी भट्टीत उडी घेतली असती. मी स्वतः उत्तर लिहायला बसलो, इंग्रजीत, चांगला ताव भरून. आमच्या भागात सद्गृहस्थ जेवणानंतर एक टणक फळ कातरून पानात घालतात, ते बराच वेळ चावतात, त्याचा लाल रस होतो, तो गिळायचा नसतो, योग्य जागी टाकायचा असतो, आणि हे अवजार त्या सुसंस्कृत कार्यक्रमाचा आत्मा आहे, असं मी लिहिलं. वाचून माझा मलाच अभिमान वाटला. त्यांना नीट कळावं म्हणून पत्राबरोबर ओंजळभर सुपाऱ्याही विमान-टपालाने पाठवल्या.

दुसरी तार आली. कृपा करून बिया पाठवू नका. बिया दुसऱ्या खात्याने जप्त केल्या आहेत. झाडांच्या रोगांचं खातं चौकशी करीत आहे. पक्ष्याचा प्रश्न कायम.

शेठ परत आले होते. त्यांनी तार वाचली आणि मुंबईच्या एजंटाला ट्रंक कॉल लावला. फोन लागेपर्यंत सगळं ऑफिस कामात असल्यासारखं बसलं होतं. फोनवर शेठ ओरडून बोलत होते, पलीकडचाही ओरडत असावा, कारण आम्हाला दोन्हीकडचं कळत होतं. तिथल्या अधिकाऱ्याला पक्षी कुठे बसवावा ते उमजत नव्हतं. कापतो, म्हणजे चाकू? फोडतो, म्हणजे स्वयंपाकघरातली वस्तू? दोन मुठी, म्हणजे पकड? पितळेचा मोर, म्हणजे शोभा? आणि माझं पत्र वाचून त्याला भलतीच शंका आली होती की ही माणसं चावतात काय नेमकं. पक्ष्याचा निकाल लागत नाही तोवर डबा हलणार नव्हता, कारण डब्यात तोच सगळ्यात चकचकीत, आणि डब्याचा जीव त्याच्यातच असेल तर बिचारी खुरपी त्याच्या मागे शोभेच्या पंगतीला जाऊन बसणार होती, जादा जकातीत.

शेठनी फोन ठेवला. "हा अडकित्ता कुणाचा?" त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाला, "आमचा, शेठ. निर्यातीचा."

हे त्याने करायला नको होतं. तो म्हणाला असता 'दादांचा', तर मी त्याला आयुष्यभर आनंदाने शिव्या दिल्या असत्या. तेवढीही सोय त्याने ठेवली नाही.

मग तो शेठना म्हणाला, "त्यांना सुपारी समजावण्यात अर्थ नाही. तिथं सुपारी कोण खाणार? आपण गिऱ्हाइकालाच विचारू, तुमच्या दुकानातून हा पक्षी घेणारी बाई त्याचं काय करेल?"

तार गेली. उत्तर आलं, भिंतीवर टांगेल.

"मग शोभेची वस्तू," साडू म्हणाला, "त्र्याऐंशीवं प्रकरण. मोर बंदरावरच डब्यातून काढून घ्यायला सांगू. मोर वेगळे, अवजारं वेगळी. डब्यात परत चारच नग राहतात, ते पहिल्या पंगतीला जातील." त्याने ते पत्र लिहिलं, एका पानात. मी वाचलं. त्यात 'सुसंस्कृत' हा शब्द कुठेही नव्हता, तरी काम झालं.

डबे सुटले. ऑर्डरने सांगायचं ते सांगितलं. शेठनी केबिनची किल्ली साडूच्या हातात ठेवली. भट्टीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, त्यात मीही होतो. जरा जास्तच वाजवल्या. शेजारचा म्हणाला, "साहेब, हळू. तुमचं हात लाल झाल्यात."

माझी मुख्य अडचण पुढेच होती. हॅम्बुर्गच्या बायकांना मोर आवडले. गिऱ्हाइकाने सुटे मोर मागवले, भिंतीवर टांगायला, पात्याला धार नको म्हणून. आणि साडूने शेठना जाऊन सांगितलं की ही कल्पना दादांची, तेव्हा हे काम दादांकडे द्या, आणि त्यांचं टेबल केबिनमध्ये घ्या, फोन मधे ठेवू.

माणसाला हरवून त्याला अर्धी जागा देणारा साडू कुणाला मिळू नये. मी नाही म्हटलं. म्हणालो, मला बाहेर वारा लागतो. बाहेर काडीचा वारा नव्हता, पत्रा तापून डोक्यावर यायचा आणि पंखा केबिनमध्ये बसवलेला होता. काचेतून मला तो फिरताना दिसायचा. काष्टीला ही बातमी आमच्या आधी पोचली. सासऱ्यांचा निरोप आला, थोरल्या पाव्हण्यांचं मोर लई नावाजलं म्हनं. बायकोने निरोप वाचून दाखवला आणि म्हणाली, "तुमच्या साडूंनीच कळवलेलं दिसतंय. तुमचं कौतुक करायला दुसरं कोण बसलंय तिथं?"

"मला कुणाच्या कौतुकाची गरज नाही."

"मग आत बसायला काय होतंय? पंखा काही कौतुक करत नाही. नुसता फिरतो."

पुढल्या वर्षीच्या ज्येष्ठातल्या एका सोमवारी मी टेबल आत घेतलं. कारण म्हणून सांगितलं की बाहेर कागद उडतात. साडू उठला, खुर्ची सरकवून मला पंख्याखालची जागा दिली. आम्ही समोरासमोर बसलो, मधे फोन.

फोन वाजला. दोघांचे हात एकदमच पुढे झाले. त्याने आपला मागे घेतला.

मुंबईचा एजंट होता. "निर्यात विभागाचे साहेब आहेत का?"

साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर बसून पेन पुसत होते. मी म्हणालो, "बोलतोय."

साडूने वर बघितलं. एजंट म्हणाला, एका गिऱ्हाइकाला कोयते हवे आहेत, ऊस तोडायचे. त्यांना कुठे बसवायचं? शेतीचं अवजार, चाकू, की आणखी काही? मी रिसीव्हरवर हात ठेवला. विचारायचं तर साडूला विचारावं लागणार होतं. नाही विचारलं तर हॅम्बुर्गसारखं काहीतरी होणार होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो माझ्याकडे. हसू त्याच्या नाकापर्यंत आलं होतं, पण त्याने ते ओठांवर उतरू दिलं नाही.

"पहिली पंगत, दादा," तो हळूच म्हणाला. "शेतीची."

मी हात काढला आणि चांगल्या खड्या आवाजात एजंटाला सांगितलं, "पहिली पंगत. शेतीची. यात विचारण्यासारखं काय आहे?"